मुलांच्या बेसबॉलचं स्कोअरशीट कसं भरायचं?

सातरस्ता_पालक: सोलापुरात शाळेच्या बेसबॉल सामन्यांचा स्कोअर लिहायचं काम आम्हा पालकांकडे आलंय. क्रिकेटची वही जमते, पण इथलं ६-४-३ कळत नाही. आणि तिसरा स्ट्राइक (बॅटरविरुद्ध मोजला जाणारा चेंडू; तीन झाले की एरवी आउट) पडूनही पोरगं पळतं, ते आउट की नाही?

होमप्लेट: आकडे जर्सीचे नव्हेत, जागांचे. १ पिचर (चेंडू टाकणारा), २ कॅचर (बॅटरमागे झेलणारा), ३-४-५ पहिला, दुसरा, तिसरा बेस, ६ शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला), ७-८-९ डावं, मधलं, उजवं मैदान. पाठच करा. ६-४-३ म्हणजे शॉर्टस्टॉपने अडवून दुसऱ्या बेसवाल्याकडे, तिथून पहिल्याकडे. बहुधा डबल प्ले, म्हणजे एकाच खेळीत दोन आउट.
तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू कॅचरच्या हातून सुटला आणि पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आउट झाले असतील, तर बॅटर पळू शकतो. तो सुखरूप पोचला तरी पिचरच्या नावावर स्ट्राइकआउट लागतो, आउट मात्र धरायचा नाही. नवखे इथेच आउट मोजतात आणि इनिंग तीनऐवजी दोनच आउटवर बंद करतात. लहान गटांत काही ठिकाणी हा नियम नसतो, अंपायरला आधी विचारा.

पेन्सिलवाली_आई: पेन नको, खोडरबर लागतोच. दर इनिंगनंतर ताळा करा: प्लेटवर (बॅटर उभा राहतो तिथे) पूर्ण झालेल्या बॅटरच्या पाळ्या = रन + बेसवर उरलेले + आउट. ११ पाळ्यांना ५ रन, ३ उरलेले, ३ आउट. जुळलं नाही तर पुढच्या चेंडूआधी समोरच्या संघाच्या शीटशी ताडून घ्या, नंतर कुणालाच आठवत नाही.

सातरस्ता_पालक: ताळ्याचं सूत्र शीटवरच लिहून ठेवतो. आभार ताई!