मदत हवी आहे: आतड्यातल्या व्हायरसने शुगर बरी करणारं नाशिकमध्ये कोण आहे?

पारिजात:
यांची शुगर काही केल्या खाली येत नाही. आतड्यात चांगले व्हायरस सोडून शुगर आणि वजन दोन्ही कमी करतात असं कळलंय. नाशिकमध्ये कोण करतं, खर्च किती येतो? मुंबई-पुणं जमणार नाही. गुरुवारपर्यंत ठरवायचंय, लवकर सांगा. पथ्य आणि व्यायाम कृपया सांगू नका, ते सगळं करून झालंय.

सातपूरकर:
ताई, शुगर किती? उपाशीपोटीची की जेवणानंतरची? टाईप १ की २? वय काय, गोळ्या कोणत्या? आणि गुरुवारी काय आहे?

मेथीदाणे:
रात्री मेथी भिजवा, सकाळी पाण्यासकट चावून खा. आमच्या सासऱ्यांना याचाच गुण आला. पोटात व्हायरस सोडणं म्हणजे आजार विकत घेणं.

गोदातीर:
मेथीदाणे, सगळे व्हायरस माणसाला आजारी पाडत नाहीत. माझं आयुष्य सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात गेलं म्हणून सांगतो. आपल्या आतड्यातले बहुतेक व्हायरस बॅक्टेरियोफेज (थोडक्यात फेज) असतात, म्हणजे जिवाणूंना मारणारे. आपल्या पेशींना ते हात लावत नाहीत. पारिजात, तुम्ही वाचलंय त्याला आधार आहे. २०२० मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी सडपातळ उंदरांच्या विष्ठेतून जिवाणू गाळून काढले आणि उरलेले फेज चरबीयुक्त खाण्यावरच्या उंदरांना दिले. त्यांचं वजन कमी वाढलं, साखरही सुधारली. पण ते उंदीर होते.

पारिजात:
हेच! टाईप २ आहे, वय ५२. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी, ९.४ आली. उंदरांवर झालं म्हणजे माणसांवरही होत असणारच ना?

गोदातीर:
माणसांवरही करून पाहिलं. ॲमस्टरडॅममध्ये मेटाबोलिक सिंड्रोम (पोटाची चरबी, वाढलेली साखर, रक्तदाब अशा गोष्टी एकत्र) असलेल्या २४ जणांवर चाचणी झाली, २०२३ मध्ये छापून आली. सडपातळ दात्यांच्या विष्ठेतून जिवाणू गाळून काढून उरलेला द्रव दिला. त्रास झाला नाही, पण साखरेत नुसतं दिखाऊ औषध घेतलेल्यांपेक्षा फरक पडला नाही. अडचण मुळातच आहे. एक फेज साधारण एकाच जातीच्या, कधी एकाच उपजातीच्या जिवाणूला मारतो. कॉलरात शत्रू कोण ते माहीत असतं. मधुमेहात असा एकच जिवाणू दोषी नाही, मग फेज सोडायचा कोणावर?

पंचवटीकर:
कॉलऱ्याचा विषय निघालाच आहे तर, हॅन्किन नावाच्या इंग्रजाने १८९६ मध्येच दाखवलं होतं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात. ते हेच फेज असावेत असं काही जण मानतात. आपली गोदावरीही गंगाच. मी रोज पहाटे गंगेवर जातो आणि रामकुंडाचं तीर्थ घेतो, साठीतही गोळी नाही.

सातपूरकर:
काका, श्रद्धेचा आदर आहे. पण नदीत गटाराचं पाणी येतं हे आपण सगळे बघतो. शुगरवाल्या माणसाला ते प्यायला सांगू नका, जुलाब लागले तर किडनीवर येईल. आणि हॅन्किनने कॉलरा पाहिला होता, मधुमेह नाही.

पंचवटीकर:
मी कुणाला प्या म्हटलेलं नाही. पूर्वजांना माहीत होतं एवढंच म्हणतोय. सिंहस्थ येतोय, आता तरी गटारं बंद करा, हे मीही गावभर सांगतो.

आईची वही:
पोटाचा व्हायरस मुलांना झाला असेल तर ओआरएस घोट घोट द्या, दूध बंद करू नका. रोटाव्हायरसची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

कॉलेज रोड:
एवढे घाबरवताय कशाला? अमेरिकेत विष्ठा प्रत्यारोपणाला, म्हणजे निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याला, २०२२ मध्ये सरकारी मान्यता मिळालीय. आपणच मागे. ताई, इच्छा असेल तर करून बघा, गमवायचं काय आहे?

गोदातीर:
ती मान्यता सी. डिफिसिल नावाच्या जिवाणूमुळे आतड्यात परत परत होणाऱ्या संसर्गासाठी आहे, मधुमेहासाठी नाही. आणि गमवायचं काय? २०१९ मध्ये तिथेच अशा प्रत्यारोपणातून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय जिवाणू पोटात गेला आणि एक रुग्ण दगावला. फेजही डोळे मिटून घ्यायची वस्तू नाही. कॉलऱ्याच्या जिवाणूला त्याचं विष बनवणारा जनुक फेजमधूनच मिळालेला आहे.

सातपूरकर:
पारिजातताई, गोळ्यांचं उत्तर राहिलं. आणि गुरुवारचंही.

पारिजात:
मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड होत्या. गंगापूर रोडला एक ठिकाण आहे, तिथे व्हायरसच्या कॅप्सूलचा कोर्स देतात. गुरुवारी उरलेले पैसे भरायचेत. म्हणून विचारत होते की दुसरीकडे स्वस्त आहे का.

सातपूरकर:
‘होत्या’ म्हणजे?

पारिजात:
त्यांनीच बंद करायला सांगितल्या. आधी आतडं मोकळं व्हायला हवं म्हणे. गेल्या महिन्यापासून बंद आहेत. रात्री चार-पाचदा उठतात, तहान फार लागते. वजन उतरलंय, ते म्हणाले कोर्स लागू पडतोय.

सातपूरकर:
ताई, हे कोर्स लागू पडल्याचं लक्षण नाही. शुगर फार वाढली की असंच होतं, वजनही त्यामुळेच उतरतं. माझ्या भावाचं असंच झालं होतं, शेवटी आयसीयूत न्यावं लागलं. आत्ता ग्लुकोमीटरवर बघा आणि आजच तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी आली तर वाट न बघता जवळच्या कॅज्युअल्टीत न्या.

गोदातीर:
आधी हे करा, बाकी सगळं नंतर. मग त्या ठिकाणी एकच विचारा, सीटीआरआयचा (औषध चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक काय? भारतात माणसांवरच्या औषध चाचण्यांची नोंद तिथे व्हावीच लागते, कुणालाही ऑनलाइन तपासता येते. आणि चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. चाचणी नसेल, तर मधुमेहावर विकत मिळणारा व्हायरसचा मान्यताप्राप्त उपचार आज कुठेच नाही. वजन खरंच उतरवायचं असेल तर ब्रिटनची डायरेक्ट चाचणी बघा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी कॅलरीचा आहार दिला, आणि १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरवलेल्यांपैकी ८६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभराने गोळ्यांशिवाय आटोक्यात होता.

मेथीदाणे:
मेथी नाही घेतली तरी चालेल ताई, पण गोळ्या डॉक्टरांना विचारून आजच सुरू करा.

पारिजात:
ग्लुकोमीटरवर ३४१ आली. डॉक्टरांनी लगेच बोलावलंय, निघतोय. तिथे फोन केला होता, नोंदणी क्रमांक विचारला तर म्हणाले आमची पद्धत वेगळी आहे. पैसे भरणार नाही. आगाऊ दिलेले परत कसे मागू?

सातपूरकर:
आधी जाऊन या. पावती आहे का? की फोनवरूनच दिले होते?