प्रोलॅक्टिन चाचणीची मर्यादा
रक्ताच्या एका चाचणीवरून मुलांच्या अपस्माराचे निदान होईल आणि ईईजीची (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख काढणाऱ्या तपासणीची) गरज उरणार नाही, असा दावा केला जातो. त्याबाबत थोडे सांगतो. अशा रक्तचाचण्यांतला बराच अभ्यासलेला घटक म्हणजे प्रोलॅक्टिन. सर्वांगाला झटके देणाऱ्या मोठ्या आकडीनंतर हे संप्रेरक रक्तात वाढते, आणि 10 ते 20 मिनिटांत नमुना घेतला तर ती वाढ सापडू शकते. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने 2005 मध्ये ही चाचणी प्रौढ व मोठ्या मुलांपुरती, मानसिक कारणांनी येणारे झटके वेगळे ओळखण्यासाठी केवळ पूरक म्हणून उपयुक्त मानली. मात्र साध्या मूर्च्छेनंतरही प्रोलॅक्टिन वाढते, आणि घरी आकडी आलेल्या मुलाचे रक्त 20 मिनिटांत घेतले जाणे किती अवघड आहे, हे पालक जाणतातच. शिवाय पातळी सामान्य आली म्हणून अपस्मार नाही, असे म्हणता येत नाही. रक्तातील साखर, कॅल्शियम व सोडियम यांचे महत्त्व वेगळे आहे, कारण त्यांच्या कमतरतेमुळे आलेल्या आकडीवरचा उपचारच निराळा असतो. पालकांना कळकळीची विनंती आहे, की आकडी आल्यास मुलाला कुशीवर वळवावे आणि जवळच्या कोणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगावे. ते ईईजीइतक्याच आस्थेने डॉक्टरांना दाखवावे.