'थग'चं मराठी 'ठग' करू नका

वाटाड्या:
परवा एका इंग्रजी मालिकेच्या मराठी सबटायटलमध्ये दार फोडून आत घुसणाऱ्या दांडगटाला 'ठग' म्हटलं होतं. इंग्रजी 'थग' (thug) हा शब्द इकडूनच तिकडे गेलाय, मग परत घेतला तर काय बिघडलं, असा हिशेब असणार. बिघडतं. आपला ठग दार फोडत नाही. तो ओळख काढतो, गोड बोलतो आणि दार आपणच उघडतो. 'ठकास महाठक' म्हणताना कुणाच्या डोळ्यापुढे दंड-बैठका काढणारा येत नाही.

इंग्रजीत हा शब्द कंपनी सरकारच्या दप्तरातून गेला. १८३०च्या दशकात विल्यम स्लीमन या कंपनीच्या अधिकाऱ्याने वाटसरूंचे रुमालाने गळे आवळून लुटणाऱ्या ठगांविरुद्ध मोहीम चालवली. १८३६च्या कायद्याने तर एखादा माणूस ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप! कायदा होण्याआधी टोळीत असला तरीही. त्याच साली स्लीमनने ठगांच्या बोलीचा कोश छापला. १८३९मध्ये मेडोज टेलरची ठगावरची कादंबरी इंग्लंडात गाजली (हेच टेलरसाहेब पुढे आपल्या नळदुर्गला कारभार बघत होते). नंतर हळूहळू फसवणूक गळाली आणि नुसती मारहाण उरली. तेव्हा सरळ 'गुंड' लिहा.

खणती:
ठग म्हणजे कंपनीने रचलेली गोष्ट, असं म्हणत सगळं स्लीमनच्या माथी मारायची फॅशनच झालीय. फिरंगिया नावाच्या माफीच्या साक्षीदाराने दाखवलेल्या जागा खणल्या तेव्हा प्रेतं निघाली. ती काय कोशातून आली? आणि शब्द कंपनीच्या कितीतरी आधीचा आहे. सुलतान जलालुद्दीन खिलजीने दिल्लीत धरलेले हजारभर ठग होड्यांत घालून बंगालात लखनौतीकडे पाठवले, असं इतिहासकार झियाउद्दीन बरनीने चौदाव्या शतकात लिहून ठेवलंय.

वाटाड्या:
खून झाले नाहीत असं मी कुठे म्हटलं? पण बरनीच्या त्या ठगांनी रुमालाने गळे आवळले असंही तो म्हणत नाही. आणि वाटसरूंना आधी विश्वासात घ्यायचं, मग मारायचं, हे तर स्लीमनची कागदपत्रंच सांगतात. इंग्रजीने नेमका तो पहिला अर्धा भाग टाकून दिला.

अटलांटिकपार:
इथे अमेरिकेत राहणाऱ्याला 'गुंड'ही अपुरा वाटतो. २०१४मध्ये रिचर्ड शर्मन हा अमेरिकन फुटबॉल खेळणारा कृष्णवर्णीय खेळाडू सामन्यानंतर कॅमेऱ्यापुढे तावातावाने बोलला, तर लोक त्याला थग म्हणू लागले. स्टॅनफर्डमध्ये शिकलेला माणूस! तो म्हणाला, काळ्यांना द्यायची जी शिवी आता उघड देता येत नाही, तिच्या जागी हा शब्द चालवून घेतात. पुढच्याच वर्षी फ्रेडी ग्रे हा कृष्णवर्णीय तरुण पोलीस कोठडीत जखमी होऊन मेला, बाल्टिमोर पेटलं, तेव्हा ओबामांनी आणि तिथल्या महापौरबाईंनीही दंगेखोरांना हाच शब्द वापरला. दोघंही कृष्णवर्णीय, तरी वाद झालाच. मराठी 'गुंड' कुठल्याही जातीचा, कुठल्याही रंगाचा असतो. हे त्यात कसं आणणार?

खणती:
म्हणजे माझंच म्हणणं. शब्द ज्याच्या तोंडी असतो त्याचा. मूळ काढून अर्थावर हक्क सांगता येत नाही. उद्या सगळी मराठी पोरं 'ठग' म्हणजे दांडगट समजायला लागली, तर तोच अर्थ. कोशवाल्यांनी मुकाट नोंद करावी.

चष्मेबहाद्दर:
काका लोक, आमच्याकडे मीम व्हिडिओंत तिसराच अर्थ चालू आहे. एखादा नेता पत्रकाराला सणसणीत उत्तर देतो, चित्र थांबतं, वरून काळा चष्मा डोळ्यांवर उतरतो, गाणं वाजतं: थग लाईफ. अमेरिकन रॅपर तुपाक शकूरने पोटावर गोंदवलेले शब्द आमच्याकडे आज्जीच्या टोमण्यावरसुद्धा चिकटवतात. यात ना गुंड, ना ठग. नुसता रुबाब.

वाटाड्या:
मग तुम्ही 'थग'च लिहा की, मराठीत. माझी हरकत फक्त 'ठ'ला आहे.

खणती:
आणि 'थ' वाचून सबटायटल बघणारी आज्जी काय समजणार?

चष्मेबहाद्दर:
दार फोडताना दिसतोय ना तिला.