आमसूल खावं, गोळी कशाला?

कोकमातल्या हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाच्या गोळ्यांनी वजन उतरतं का, असा एक प्रश्न आलाय. शरीरात चरबी तयार करणाऱ्या एका एन्झाइमला हे आम्ल अडवतं, हे खरं. पण १९९८ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या १२ आठवड्यांच्या चाचणीत या अर्काचा औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा जास्त उपयोग दिसला नाही. शिवाय बाजारातल्या गोळ्यांत बहुधा आपलं कोकम नसतंच, त्याचा केरळी भाऊबंद कुडमपुळी असतो. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका!

कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनचा, तो पाण्यात उतरतो. सालीतलं गार्सिनॉल हे पिवळं द्रव्य स्निग्धात विरघळतं. नारळाच्या दुधात पाणी आणि स्निग्ध दोन्ही असतं. त्यातली सोलकढी मला म्हणूनच फार शहाणी वाटते. रक्तदाब असेल तर आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, मात्र बेतानं घ्या, त्यात मीठ भरपूर असतं.