भरती झाली तरी जागा रिकाम्याच का?

'भरती होते, तरी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जिल्हा परिषद शाळांत शिक्षक कमीच का?' असा प्रश्न वर आलाय. नुसत्या भरतीने हे सुटणार नाही, कारण गळती आंतरजिल्हा बदलीतून होते. पवित्र पोर्टलवर (शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ) गुणवत्ता आणि पसंतीक्रमाने राज्यभरातले उमेदवार इथे लागतात. पुढे स्वतःच्या जिल्ह्यात जाण्यासाठी ते सेवाज्येष्ठतेवरही पाणी सोडतात, कारण नव्या जिल्ह्यात ती शून्यापासून मोजतात. शिक्षक कार्यमुक्त होतो आणि बदलीने येणारा नसेल, तर ती जागा पुढच्या भरतीपर्यंत तशीच. भरतीआधी बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या आरक्षण गटाची, याची यादी) तपासून घ्यायची, मग जाहिरात. वेळ तिथेच जातो.

पगाराचं म्हणाल तर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधन. प्राथमिकला ते महिना ६,००० रुपये होतं, जानेवारी २०२३ पासून १६,०००. नियमित वेतनश्रेणी (एस-१०, मूळ २९,२००) त्यानंतर. दूरच्या वाडीवर खोलीभाडं भरून यात काय उरणार?

शिवाय मंजूर पदं संचमान्यतेत (शाळेला किती शिक्षक, याची सरकारी मंजुरी) पटावर, म्हणजे विद्यार्थिसंख्येवर, ठरतात. आरटीईप्रमाणे (शिक्षण हक्क कायदा) ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, पण आपल्याकडे वाडीवस्तीची शाळा दहा-पंधरा पटाची. दोन शिक्षकांतला एक बदलून गेला की उरलेल्याने सगळे वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहितीही भरायची!