फेस फिट टेस्टर होण्यासाठी कोणते प्रशिक्षण घ्यावे?

वेर्ण्याचा_पाळीवाला:
नमस्कार. मी वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्याच्या सुरक्षा विभागात काम करतो. पावडर हाताळणाऱ्या कामगारांचे मास्क त्यांच्या चेहऱ्याला नीट बसतात याचा पुरावा कोठे आहे, असे इंग्लंडमधील एका ग्राहकाने तपासणीच्या वेळी विचारले, तेव्हा आमच्याकडे मास्क खरेदीच्या बिलांखेरीज दाखवण्यासारखे काहीच नव्हते. आता फिट टेस्टर म्हणून, म्हणजे प्रत्येकाच्या चेहऱ्याला मास्क घट्ट बसतो का हे तपासणारा म्हणून, माझी निवड झाली आहे. मास्क विक्रेत्याचे अर्ध्या दिवसाचे मोफत प्रात्यक्षिक, वीस प्रश्नांच्या परीक्षेनंतर प्रमाणपत्र देणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम आणि मुंबईतील दोन दिवसांचे सशुल्क प्रशिक्षण, असे तीन पर्याय समोर आहेत. आमच्याकडे मुख्यतः एफएफपी३, म्हणजे नाक-तोंड झाकून सूक्ष्म कण गाळणारे मास्क वापरतात. दोन विभागांत पूर्ण चेहरा झाकणारे फुल फेस मास्क आहेत. खर्च कंपनी करणार आहे, पण अहवालावर सही माझी असेल, म्हणून विचारतो.

वास्कोचा_जुना_फिटर:
जहाजदुरुस्तीच्या कामात मी बरीच वर्षे ही चाचणी करत आलो आहे. प्रशिक्षण निवडण्याआधी आपल्याला कोणती पद्धत लागणार आहे ते ठरवा. कडू किंवा गोड द्रावणाची चव लागते का, यावर आधारलेली गुणात्मक चाचणी आपल्या एफएफपी३ मास्कना चालेल; फुल फेस मास्कसाठी मात्र इंग्लंडमध्ये ती ग्राह्य धरत नाहीत, तेथे यंत्राने केलेली संख्यात्मक चाचणीच लागते. मास्कबाहेरील कणांचे प्रमाण आतल्यापेक्षा किती पट आहे, तो आकडा म्हणजे फिट फॅक्टर. इंग्लंडमध्ये एफएफपी३ आणि हाफ मास्कसाठी तो किमान १००, तर फुल फेससाठी २००० असावा लागतो. अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा संस्थेच्या नियमांत हेच आकडे १०० आणि ५०० आहेत. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात बहुधा डोक्यावर घालायचा हुड आणि फवाऱ्याची बाटली एवढेच दिसेल, म्हणजे आपले फुल फेसचे दोन विभाग तसेच राहतील.

प्रमाणपत्राच्या मोहात पडू नका. चाचणी घेणाऱ्याला द्रावण तयार करता आले पाहिजे, उपकरण तपासता आले पाहिजे आणि अवैध ठरलेली चाचणी ओळखता आली पाहिजे, अशी ओशाची अपेक्षा आहे. अमुक एक कागद हवाच, असे ते म्हणत नाहीत. इंग्लंडमधील फिट-टू-फिट ही फिट टेस्टरना मान्यता देणारी योजनाही सक्तीची नाही, मात्र तिची मान्यता प्रत्येक पद्धतीसाठी वेगळी असते. आपला ग्राहक तिथलाच असल्यामुळे, मुंबईचा अभ्यासक्रम त्या योजनेच्या अपेक्षांशी जुळतो का आणि त्यात यंत्र प्रत्यक्ष हाताळायला मिळते का, हे लेखी विचारून घ्या.

बांबोळीची_परिचारिका:
मी एका रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचे काम पाहते. आमचे पहिले प्रशिक्षण ऑनलाइनच झाले, आणि त्याचा परिणाम मी भोगला आहे. चाचणीपूर्वी मास्क न लावता, सौम्य द्रावणाने त्या व्यक्तीला चव कळते का, हे पाहावे लागते. फवाऱ्याच्या दहा दाबांनी नाही कळली तर वीस, नाहीतर तीस. त्यानंतरही कळत नसेल तर त्या व्यक्तीसाठी ते द्रावण बाद. एका सकाळी एकापाठोपाठ सगळेच जण उत्तीर्ण होऊ लागले, तेव्हा मला शंका आली. पाहते तर फवाऱ्याच्या तोंडाशी सॅकरिनचे पांढरे खडे साचलेले, आणि निम्मे लोक कँटीनमधून गोड चहा पिऊन थेट खुर्चीत बसलेले. चाचणीआधी पंधरा मिनिटे पाण्याशिवाय काही घ्यायचे नाही आणि फवारा सकाळी व दुपारी धुवायचा, हे अभ्यासक्रमात होते. पण पडद्यावर वाचून ते हातात येत नाही. त्या दिवशीच्या सर्व चाचण्या मी रद्द केल्या आणि वरिष्ठांचा रोष ओढवून घेतला.

म्हणून शिकवणाऱ्यांना एकच विचारा: नापास होणारा चेहरा ते आपल्यासमोर बसवतात का? नाकाची पट्टी न दाबलेला, पट्टे उलटसुलट बांधलेला किंवा खुरटी दाढी असलेला माणूस समोर बसवून, आपण चाचणी थांबवता की पुढे रेटता, हे त्यांनी पाहिले पाहिजे. श्रावणात दाढी न करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. महिनाभर आपला मास्क त्यांच्या गालावर नीट टेकणार नाही, हे त्यांना दुखावल्याशिवाय सांगण्याची रीत मी अजून शिकतेच आहे.

वेर्ण्याचा_पाळीवाला:
ताई, फिटरकाका, दोघांचे आभार. ऑनलाइन अभ्यासक्रम आणि विक्रेत्याचे प्रात्यक्षिक, दोन्ही बाजूला ठेवले. एक शंका उरते: संख्यात्मक चाचणीचे यंत्र आमच्या क्लीनरूमला (गाळलेल्या हवेच्या स्वच्छ खोलीला) लागूनच्या खोलीत ठेवावे, असा विचार आहे. चालेल का?

वास्कोचा_जुना_फिटर:
हवेतलेच कण मोजणारे यंत्र असेल तर तेथे अडचण येईल. त्याला मोजण्याइतके कण हवेत असावे लागतात, आणि आपल्या गाळलेल्या हवेत तेच कमी. प्रशासकीय इमारतीतील साधी खोली घ्या. तरीही कण कमी पडले तर मिठाच्या द्रावणाचे सूक्ष्म कण हवेत सोडणारे उपकरण मिळते, ते लावा. मुंबईला फोन कराल तेव्हा ते उपकरण वापरून दाखवतात का, तेही विचारा.