द्रुसिला म्हणजे दवबिंदू नव्हे

द्रुसिला या जुन्या रोमन मुलींच्या नावाचा अर्थ 'दवासारख्या डोळ्यांची' असं सांगतात, ते काही पटलं नाही बुवा. रोमन लोक मुलींना असली काव्यमय नावं ठेवायचेच नाहीत फारशी, बापाच्या कुळाचं नाव स्त्रीलिंगी केलं की झालं काम! द्रुसिला हे द्रुसस या घराण्याच्या नावावरून आलंय, शेवटचं 'इला' म्हणजे लाडाने छोटी, आपल्या बाळीसारखं. आणि द्रुसस कुठून आलं तर रोमन इतिहासकार स्युटोनियस सांगतो की एका पूर्वजाने द्राउसस नावाच्या शत्रूच्या सरदाराला समोरासमोर लढून मारलं आणि त्याचंच नाव घेतलं, म्हणजे बघा, नाजूक वाटणाऱ्या नावामागे मारामारी निघाली. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याची बायको लिव्हिया, तीही द्रुसिलाच, आणि नंतरचा सम्राट कॅलिग्युला याच्या एका बहिणीचं नावसुद्धा द्रुसिलाच; ही बहीण इ.स. ३८ मध्ये गेल्यावर कॅलिग्युलाने तिला चक्क देवी करून टाकलं.